परत आलेला गडवा

या, असे पुढं सरका. सतरंजी लांब आहे, भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जवळ यावं. सुपारी आडकित्त्यात राहू द्या, मोबाइलचं तोंड दाबा. आज एक हकिकत सांगायची आहे. तिच्यात विमान आहे, परमुलूख आहे, हरवलेला पोरगा आहे आणि तांब्याचा एक गडवा आहे. यामागं कोण, ते मी शेवटी सांगणारच. पण खुणा येतील तशा तुमच्यापुढं मांडत जाईन, पदराआड एकही ठेवणार नाही. तुम्हीही डोकं चालवा.

पुस महिन्यातली सकाळ होती. नवेगाव बांध गावात तळ्यावरून बोचरा वारा येत होता. शामकलाबाई पटले अंगणात उन्हाला बसून टाळांची दोरी बदलत होत्या. बाईंची सारी नोकरी विमानतळाच्या सुरक्षा दलात गेली. प्रवाशांच्या बॅगा यंत्रातून सरकायच्या आणि बाई पडद्यावर डोळे रोवून असायच्या. निवृत्त होऊन गावी आल्या, गणवेश पेटीत गेला. नजर मात्र पेटीत गेली नाही.

फाटक वाजलं. दारात सुशीलाबाई बिसेन उभी. पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं.

"शामकलाबाई, लेक हरपला माहा. अन् हा वापस आला."

तिनं पदर बाजूला केला. गडवा होता. तोंडावर लाल लाख.

"बस आधी. नीट सांग."

"बसू कशी? याले खाली ठेवता येत नाही."

बाई उठल्या, आतून पाट आणला, त्यावर धुतलेलं कापड घातलं. गडवा त्यावर ठेवला, तेव्हा कुठं सुशीलाबाईच्या हाताला मोकळीक मिळाली.

ती रीत तुम्हाला सांगायला हवी. देवळातला हरिनामाचा सप्ता उठतो त्या दिवशी कलशातलं पाणी दूरदेशी निघालेल्याच्या गडव्यात भरतात. तोंडाला कापड, वरून पळसावरची लाख वितळवून ओततात आणि ती गरम असतानाच आई तिच्यावर अंगठा दाबते. हा गडवा जमिनीवर टेकवायचा नाही, जोडे-कपड्यांत कोंबायचा नाही. हातात, नाहीतर मांडीवर. मुक्कामी पोचलं की लाख फोडायची, चार थेंब उंबऱ्यावर आणि मग एक घोट. पण जाणंच मोडलं, तर गडवा तसाच भरलेला आईच्या देव्हाऱ्यात परत यायला हवा. वाटेत सांडला तर जाणाऱ्याच्या जिवाला घोर, असं तिथं लहानथोर सारे मानतात.

सुशीलाबाईचा एकुलता लेक लीलाधर वेल्डर होता. त्याला सर्बिया देशात काम लागलं होतं. मुंबईहून दुबई, तिथं विमान बदलायचं आणि पुढं सर्बिया. एकटा बावरेल म्हणून दुबईपर्यंत सोबतीला गेला सख्खा मामा, भोजराज टेंभरे. सौंदडला राहणारा, बायको वारलेली, बंद पडलेल्या एका राइस मिलची राखण करणारा. तरुणपणी बरीच वर्षं तो परमुलखात होता, म्हणून पंचक्रोशी त्याला दुबईवाले मामा म्हणायची. शिवाय देवळात मृदंग वाजवावा तर त्यानंच.

"भाऊ काल आला," सुशीलाबाई म्हणाली. "म्हणे, दुबईले विमान बदलायच्या जागेवरून लीलाधर पळाला. गडवा भावाच्या हाती देल्ला अन् बॅग घेऊन शहरात घुसला. तिथले पोलीस त्याले शोधून राहिले."

"इथल्या ठाण्यात सांगितलं?"

"नको म्हणे भाऊ. बोभाटा झाला तर काळ्या यादीत नाव जाईन. मग दिसला तिथं धरतीन."

"लीलाधरचा फोन?"

"बंद. मुंबईले उतरलो म्हणून बोलला, त्याच्या बादमंदी नाही."

"तुले काय वाटते?"

सुशीलाबाईनं डोळ्याला पदर लावला. "वांग्याच्या भाजीले भिते बाई माहा पोट्टा. एक फोड खाल्ली तर अंगभर गांधी उठतेत त्याच्या. सौंदडच्या बाजारातही एकटा जात नव्हता. तो परक्या गावात पळन? मेला असंन तर तसं सांगा. पण पळाला नोका म्हणू."

बाईंनी गडवा उचलला, कानाशी नेऊन अलगद तिरपा केला. आत पाणी गळ्यापर्यंत हललं. लाखेला कुठं तडा नव्हता. तिच्यावरच्या अंगठ्यात विळ्याच्या जुन्या घावाची आडवी रेघ उमटली होती.

"हा अंगठा तुहाच?"

"माहाच."

बाईंनी गडव्याचं वजन हातानंच जोखलं. मग तो सुशीलाबाईच्या हाती दिला.

"देव्हाऱ्यात ठेव. फोडू नको. अन् मी चौकशी करून राहिली हे भावाले बोलू नको."

"कायले?"

"सांगीन."

बस थांब्यावर कवडू आपल्या पिकअपचं टायर तपासत होता. लीलाधरचा बालमित्र. दोघांना गोंदिया स्टेशनवर सोडायला तोच गेला होता. बाईंची नजर त्याच्या अंगावर अडकली. जाड, निळी, अस्तराची जरकिन. ती लीलाधरची होती. देवळात निरोपाच्या दिवशी सगळ्या गावानं पाहिलेली.

"काय गा कवडू, थंडी लय लागते वाटते."

कवडूनं चेन गळ्यापर्यंत ओढली. "लीलाधरनं देल्ली."

"बर्फाच्या मुलखात जाणारा माणूस जरकिन तुले देऊन गेला?"

"तिथं कंपनी देते म्हणे." तो टायरकडेच बघत होता.

"तुमचं दोघांचं वाजलं होतं, असं ऐकलं."

"वाजलं होतं." कवडूनं पाना खाली टाकला. "वेल्डिंगची परीक्षा दोघांनी संगच देल्ली. तो पास, मी फेल. म्या त्याले नाही नाही ते बोललो. मग स्टेशनवर त्यानं जरकिन काढली अन् माह्या खांद्यावर टाकली. आता सारा गाव माह्याकडं बघून राहिला. म्या काही नाही केलं, आजी."

"आजी कोणाले म्हणतो रे? अजून दात आहेत माह्या तोंडात." बाईंनी त्याला थोडं सैल केलं. "स्टेशनवर काय पाहिलं, ते सांग."

"विदर्भ एक्सप्रेसमंदी बसवलं. मोठी बॅग बर्थखाली. गडवा मांडीवर. मामा म्हणे, तिकिटं माह्यापाशी आहेत, दोन्ही."

"दोन्ही म्हणजे दोघांची?"

"नाही जी. लीलाधरचीच दोन. एक मुंबई-दुबई, दुसरं दुबईच्या पुढचं. मामानं आपल्या अकलेनं काढली. म्हणे, एजंटाले काय कळते, म्या जिंदगी काढली तिथं."

"अन् मामाचं तिकीट?"

कवडूनं डोकं खाजवलं. "ते नाही पाहिलं."

बाई मोटारीत बसून गोंदियाला गेल्या. परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या इंद्रकुमारचं दुकान मुख्य बाजारात होतं. भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढलेलं. माणूस शेजारच्या चहाच्या टपरीवर, पाठ रस्त्याकडं करून.

"इंद्रकुमारजी, दुकान उघडं अन् धनी बाहेर?"

तो दचकला, बशी कलंडली. "कौन? अच्छा, नवेगाववाली मॅडम. देखो, मेरा नाम मत लेना कहीं पे. लडका भागा, मैं क्या करूं?"

"भागा, हे कोणी सांगितलं?"

"उसके मामाने. फोन करके. बोला, चूप बैठो, नहीं तो तुम भी फसोगे."

"व्हिसा खरा होता की खोटा?"

इंद्रकुमार चिडला. "मॅडम, अस्सल. सर्बियाचा. कंपनीचा रोज फोन येऊन राहिला, आदमी कहां है. आणि टिकट का बोलो तो, मी एकच काढणार होतो, मुंबई से सीधा आखिर तक. बीच में जहाज बदलो, सामान अपने आप चलता. लेकिन मामाजीनं ऐकलं नाही. बोले, हमको मत सिखाओ."

"मग शटर कशाला खाली?"

"लोग आते ना मारने को," तो म्हणाला आणि सांडलेला चहा बशीतून पिऊन टाकला.

माणूस भित्रा होता. पण खोटं बोलणारा भित्रा की खरं बोलणारा भित्रा, हे मात्र त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी एकादशी. संध्याकाळच्या कीर्तनासाठी भोजराजमामा दुपारीच देवळात आला होता. मृदंगाच्या पुडीला कणीक लावत, थाप देऊन सूर बघत होता. गोरटेला, कपाळी बुक्का, गळ्यात माळ. बाई टाळ घेऊन शेजारी बसल्या.

"भोजराजभाऊ, सुशीलेनं काय ते सांगितलं. लय वाईट झालं."

मामाचा हात थबकला. "तिले म्हटलं होतं, कोणाले नोको सांगू म्हणून."

"मी काय परकी? माही नोकरीच त्या धंद्यात गेली. काय मदत झाली तर पाहू. मुंबईले तपासणी कशी झाली?"

"एकदम बारीक," मामा सावरून बसला. "पट्टा काढा, जोडे काढा, फोन ट्रेमंदी ठेवा."

"गडव्याचं काय केलं?"

"तो पोराच्या हातातच. देवाचं पाणी आहे म्हटल्यावर साहेबानं हात जोडले, जाऊ देल्लं."

"भाविक साहेब भेटला म्हणायचा."

"तर! मग विमानभर मांडीवर. दुबईले उतरलो. लीलाधरनं पट्ट्यावरून आपली बॅग उचलली, वापस माह्यापाशी येऊन बसला. तिथं मोठ्ठा हॉल आहे, पुढच्या विमानाचे लोक बसतेत. मग म्हणे, मामा, हा गडवा घरी ने. अन् बॅग घेऊन जो गेला, तो गेला."

"बॅग घेतली, मग तुमच्यापाशी आला, मग पळाला. असंच ना?"

"असंच."

"मधात कोणी अडवलं नाही? शिक्का, विचारपूस?"

"दुबईमंदी कोण अडवते? सगळं मोकळं. म्या वर्षं काढली तिथं."

"अन् तुम्ही?"

"म्या शोधलं, रडलो, वापस आलो."

"तुमच्या समोर गडवा सुशीलेनं देव्हाऱ्यात ठेवला का?"

मामानं कणकेचा हात पुसला. मृदंगावर थाप मारली. ती बेसूर लागली. आयुष्यात पहिल्यांदा, असं नंतर बाई म्हणायच्या. त्या संध्याकाळच्या कीर्तनात मृदंग दोनदा मागं पडला, आणि बुवांनी मान वळवून पाहिलं.

रात्री बाईंनी ठाण्यातल्या जागेश्वर हवालदारांना फोन केला. "उद्या द्वादशीच्या जेवणाले या. साध्या कपड्यात. भूक ठेवून या." इंद्रकुमारलाही निरोप गेला की आला नाहीस तर पोलीस आणायला येतील. तो सकाळीच हजर.

द्वादशीच्या पंगती मांडवात बसल्या. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. वाढायला कवडू. भोजराजमामा पहिल्याच पंगतीला जेवला, दोनदा भाजी मागून घेतली. वांगं त्याच्या जिभेचं लाडकं, हे कवडूला ठाऊक, म्हणून देठाकडच्या फोडी निवडून वाढल्या. बाई खांबाजवळून बघत होत्या.

हात धुऊन मामानं पिशवीतून तीन पुडांचा डबा काढला. कवडूच्या बादलीजवळ गेला.

"भर गा जरा. घरी संध्याकाळची चूल नको पेटवायले."

कवडूनं पळी बुडवली.

"वांगं नोको टाकू. निव्वळ आलू दे. रसाही वरचा वरचा."

बाई खांबापासून निघाल्या.

"भोजराजभाऊ, थांबा जरा. वांगं कधीपासून सोडलं?"

मामा वळला. "संध्याकाळी जड जाते, शामकलाबाई."

"आता तर दोनदा घेतलं."

पंगतीतला गलका उतरला. सुशीलाबाई पत्रावळी उचलता उचलता थांबली. जागेश्वर हवालदार ताटावरून उठले. बाईंनी सुशीलाबाईला खूण केली. ती घरी गेली आणि गडवा घेऊन आली. बाईंनी तो मांडवातल्या चौरंगावर ठेवला.

"भाऊ, तुम्ही आम्हाले सगळं सांगितलं. आता एकच करा. हा गडवा दोन हातांत घ्या अन् म्हणा, हा दुबईहून आला. बस. पुढं मी काही विचारणार नाही."

मामा चौरंगाकडं बघत राहिला.

"घ्या ना. तुम्हीच तर आणला."

त्यानं हात पुढं केले. बोटं तांब्यापाशी गेली. आणि मागं आली.

"जमत नाही ना?" बाईंचा आवाज मऊ होता, पण पाय रोवलेले होते. "मले तर पहिल्याच दिवशी शंका आली. का आली, ते साऱ्यांनी ऐका. विमानात हातातल्या सामानासंग पाणी नेऊ देत नाहीत. लहानशी बाटली चालते, औषधाची शिशी चालते. एवढा गडवा, तोही लाखेनं बंद, कोणत्याच माणसाच्या हातातून तपासणीपलीकडं जात नाही. मी स्वतः लोकांच्या हातचे गंगेचे गडवे बाजूला काढून ठेवले आहेत. रडली माणसं, पण नियम तो नियम. हात जोडणारे साहेब होते, जाऊ देणारे नव्हते. मोठ्या बॅगेत ठेवला असता तर गेला असता. पण आपली रीत काय? बॅगेत कोंबायचा नाही. तुम्हीच म्हणालात, विमानभर मांडीवर. लाख तर शाबूत, पाणी तर भरलेलं. मग हा गडवा विमानात बसलाच नाही. अन् गडवा ज्याच्या हातात होता, तोही बसला नाही."

इंद्रकुमार पुढं सरकला. "हां, बराबर! और बॅग?"

"बॅगेकडंच येते. एकच तिकीट असतं, तर बॅग दुबईच्या पट्ट्यावर आलीच नसती, परस्पर पुढच्या विमानात गेली असती. पण भाऊंनी दोन वेगळी तिकिटं काढली. तसं केलं की दुबईले बॅग स्वतः उचलावी लागते, अन् तो पट्टा इमिग्रेशनच्या बाहेर असते. बाहेर जायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा पाहिजे. लीलाधरपाशी सर्बियाचा होता, दुबईचा नव्हता. बॅग उचलून वापस आतल्या हॉलमंदी येऊन बसला म्हणता, ते कोणत्याच तऱ्हेनं होत नाही. ज्यानं ती जागा एकदा जरी पाहिली, तो असं बोलणार नाही."

बाई पंगतीकडं वळल्या.

"मग झालं काय असंन? मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनीच्या लोकांनी दोन तिकिटं पाहिली, दुबईचा व्हिसा मागितला, अन् पोराले विमानात घेतलं नाही. चूक पोराची नव्हती. तिकीट काढणाऱ्याची होती. तिथून तो आला कुठं? जिथं बिन-वांग्याची भाजी जाऊन राहिली, तिथं."

सुशीलाबाई डब्याकडं बघत होती. मग भावाकडं.

"भाऊ," ती म्हणाली, "जिता आहे का तो?"

भोजराजमामा मटकन खाली बसला. "जिता आहे माय. मिलच्या मागच्या खोलीत आहे. बरा आहे. तुही शपथ."

"माही शपथ नोको घेऊ."

जागेश्वर हवालदारांनी खांद्यावर हात ठेवला, तसा तो बोलू लागला.

"म्या दुबई पाहिलीच नाही कधी. भिवंडीच्या गोदामात पोती उचलली सारी वर्षं. पहिल्यांदा गावी आलो, कोणीतरी विचारलं, दुबईले होता का? म्या हो म्हटलं. मग ते हो काही वापस घेता आलं नाही. लोक उठून जागा देत होते. माहं तर तिकीटच नव्हतं, पोराले बसवून देऊन मुंबईतच लपणार होतो. काउंटरवरची बाई इंग्रजीत बोलली, व्हिसा-व्हिसा म्हणे. म्या काय बोलू? लीलाधर माह्या तोंडाकडं बघत होता, की मामा आता सांगन, मामाले सगळं ठावं आहे. मले काहीच ठावं नव्हतं. वापस आलो असतो तर गावानं तिथंच ओळखलं असतं."

"म्हणून माह्या लेकाले चोर केलं?"

"त्याले म्हटलं, नाव लाल शाईत गेलं, पोलीस धरतीन, म्या मिटवतो तोपर्यंत लपून राह्य. फोन काढून घेतला. वाटलं, दुसरं तिकीट काढीन, गपचूप पाठवून देईन, मग सांगीन सापडला म्हणून. पण काहीच सुधरत नव्हतं."

"अन् हा गडवा?" शामकलाबाईंनी विचारलं. "हा तलावात टाकला असता, वाटेत कुठं ओतला असता, तर मले काहीच समजलं नसतं."

मामानं वर पाहिलं. डोळे भरले होते.

"तो कसा टाकू, शामकलाबाई? जाणं मोडलं तर भरलेला घरी आला पाहिजे. सांडला असता अन् पोराले काही झालं असतं तर? बहिणीपाशी खोटं बोललो. देवाच्या पाण्यापाशी कसा बोलू?"

कवडूच्या पिकअपमध्ये बसून सारे सौंदडला गेले. मिलच्या मागं भुशाचे ढीग, दाराला बाहेरून कडीसुद्धा नव्हती. पोरगा भीतीनंच कोंडलेला. हवालदारांना पाहून लीलाधर पोत्यांमागं सरकला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"साहेब, म्या पळालो नाही. त्यायनंच बसू देल्लं नाही."

सुशीलाबाई पुढं झाली. तिनं डब्याचं झाकण काढलं, भुशावर बसली आणि त्याच्या तोंडात घास भरवला. तो चावत होता आणि रडत होता.

शामकलाबाई उकिडव्या बसल्या. "ऐक बापू. काउंटर विमान कंपनीचं असते. इमिग्रेशन त्याच्या पुढं, अन् सामानाची तपासणी त्याच्याही पुढं. तू तिथवर पोचलाच नाही. कागद अपुरे म्हणून बसवलं नाही, एवढंच. त्याले गुन्हा म्हणत नाहीत. यादी नाही, लाल शाई नाही. व्हिसा अजून तुहाच आहे."

"म्हणजे म्या काहीच नाही केलं?"

"एकच केलं. मामाले विचारलं, दुसऱ्या कोणाले नाही विचारलं."

कवडूनं जरकिन काढून त्याच्या खांद्यावर टाकली. "घे रे बाबा तुही. हिच्यापायी सारा गाव मले खुनी समजून राहिला."

आणि मिलच्या त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा कोणी हसलं.

लीलाधर चैत्रात गेला. इंद्रकुमारनं कंपनीला समजावलं आणि या वेळी मुंबईपासून शेवटपर्यंत एकच तिकीट काढलं. गडव्याचा प्रश्न देवळात सगळ्यांनी बसून सोडवला. सुताराकडून सागाची नवी पेटी करून घेतली, आत कोरं कापड, त्यात गडवा, आणि पेटी मोठ्या बॅगेत. जोडे वेगळ्या बॅगेत. बुवांनी सांगितलं, देवाला पेटी चालते, फक्त खेटर शेजारी नको. सर्बियातल्या उंबऱ्यावर चार थेंब पडताना सुशीलाबाईनं फोनच्या पडद्यावर पाहिले.

भोजराजमामाची ठाण्यात चौकशी झाली, कागद झाले, कोर्टाच्या तारखा पडतात. मिलची नोकरी गेली. सुशीलाबाई देवळात येते, टाळ वाजवते. पण तो मृदंग घेऊन बसला की ती टाळ खाली ठेवते आणि नुसती ऐकते. म्हणून अलीकडं तो मृदंग घेतच नाही. शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसतो. मृदंग खुंटीला आहे. नवा पोरगा वाजवतो, बरा वाजवतो.

आता उठाल तुम्ही, घरी जाल. तुमच्यातल्या कोणाचं लेकरू परदेशी निघेल तर जाणत्याला विचारा, एकाला नाही, दोघांना विचारा. आणि एक मागणं आहे माझं. कधी कीर्तनात मृदंगाची थाप काळजात उतरली, तर त्या मागच्या रांगेतल्या माणसाची आठवण ठेवा. साऱ्या गावाशी, सख्ख्या बहिणीशी तो खोटं बोलला. पण मुंबईपासून नवेगावपर्यंत, गर्दीच्या गाडीत, भरलेला गडवा त्यानं मांडीवर धरून आणला आणि थेंबही सांडू दिला नाही. देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्याचंही नाव घ्या. भोजराज टेंभरे, सौंदडचे.